क्रेनवाल्याची जीभ

तो सांगलीकडचा, आमच्याच स्टेडियमच्या साइटवर क्रेन चालवायचा. फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला होता, सुट्टी फक्त शुक्रवारची. त्या दुपारी तो दोहाच्या बिन महमूद भागात माझ्या फ्लॅटवर यायचा. कतारात व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, बंदी, तरी कुणीतरी दुबईहून तंबाखूच्या चवीच्या लिक्विडच्या बाटल्या आणायचंच. हा एक झुरका घ्यायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ह्यात तंबाखू कमी, गूळच जास्त हाय." जमलेले सगळे माना डोलवायचे. फ्लॅट माझा, चहा माझा, आणि ऐकायचं याचं! मला ते सहन होत नसे.

एकदा मी गुपचूप दोन लिक्विडं एकत्र केली आणि भारी परदेशी माल म्हणून त्याला दिली. त्याने दोन झुरके घेतले, माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई ओळखता येत, साहेब."

सगळे खो-खो हसले. मी सर्वांत मोठ्याने.

निघताना दारात चपला घालत तो हळूच म्हणाला, "दोन्ही सारखी न्हाई मिसळायची, साहेब. गोडवाली कमी घालायची."

आत सगळे अजून त्याच्यावरच हसत होते. खरं काय ते मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.