गुडघेदुखीचा कोड

आजारी माणसांना चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि डोक्याकडून उचलता येणाऱ्या खाटा फुकट वापरायला देणारी ती संस्था एका जुन्या दुकानामागच्या दोन खोल्यांत होती. पुढच्या खोलीत खुर्च्या आणि मागच्या खोलीत खुर्च्या अडवून बसलेली कार्यकारिणी, असं अध्यक्षबाई स्वतःच म्हणत. दोन्ही खोल्यांमधल्या बोळात, खिडकीपाशी, एक टेबल, एक टेलिफोन, एक कॉम्प्युटर आणि आत्या.

आत्या नेमकी कुणाची आत्या, हे आता कुणाला आठवत नव्हतं. पूर्वी तिचा भाचा इथे खुर्च्यांची चाकं बसवायचा. तो दुसरीकडे गेला, त्याची हाक मात्र इथेच राहिली. आत्याचं काम देणगीदारांना फोन करण्याचं. आणि पैसे मागायची तिला भारी लाज. ती “कशा आहात?” म्हणायची आणि मग समोरचं माणूस कसं आहे ते निवांत ऐकत बसायची. काही पाहुणे सगळं बोलून झाल्यावर दारात चपला घालता घालता खरं काम सांगतात ना, तसं ती देणगीचं अगदी शेवटी पुटपुटायची.

आणि एके दिवशी सेक्रेटरींनी नवं सॉफ्टवेअर आणलं.

“आता प्रत्येक देणगी कुठल्या वाटेनं आली ते कळणार,” ते हात चोळत म्हणाले. “पत्रांना वेगळा कोड, ई-मेलला वेगळा, फोनला वेगळा. पैसे भरताना माणूस चौकटीत तो कोड लिहील. तीन महिने बघायचं. ज्या वाटेनं काही येत नाही, ती वाट बंद.”

“बंद म्हणजे?” आत्यानं विचारलं.

“म्हणजे या टेबलाच्या जागी कुबड्यांचं कपाट छान बसेल.”

आत्यानं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. घरी तिच्याशी बोलणारं असं एकच होतं, कुकर; आणि तोही तीन शिट्ट्या झाल्या की गप्प व्हायचा.

तिच्या वाट्याला आलेला कोड होता ‘फो-२७-ब’. पहिला फोन तिनं बँडमध्ये ट्रंपेट वाजवून निवृत्त झालेल्या आजोबांना लावला.

“आजोबा, पैसे भराल तेव्हा फो-सत्तावीस-ब लिहा हं.”

“का? मी काय कैदी आहे?”

“तसं नाही हो. तुम्ही कुठल्या वाटेनं आलात ते कळायला हवं ना.”

“मी कुठं आलो? मी हा इथं पडलोय. गुडघा पाऊल टाकू देईल तर येईन!”

त्यानंतर कोड सांगायचा तिला धीरच झाला नाही. देणग्या आल्या, पण चौकटी कोऱ्या. महिन्याच्या बैठकीत सेक्रेटरींनी प्रोजेक्टरनं अहवाल भिंतीवर पाडला. पत्रं थोडी, ई-मेल त्याहून थोडी, फोन शून्य. आणि सगळ्यांच्या वर, उंचच्या उंच, ‘अज्ञात’.

सेक्रेटरी हरखून गेले. “हे बघा! अज्ञातवर आपण जोर दिला पाहिजे!”

“तो कसा देणार?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“ते ठरवू. पण फोनचं मात्र काही खरं दिसत नाही.”

बैठक संपल्यावर आत्यानं त्यांना बोळात गाठलं. “अहो, तो सत्तावीस आणि तो ब कुणाच्या लक्षात राहणार? सोपे कोड करू का मी?”

“करा की. ‘नवीन कोड’ असं बटण आहे. फक्त एक सांभाळा. कोड वाचल्याबरोबर पैसे कशामुळे आले ते समजलं पाहिजे.”

आत्यानं हे शब्दशः पाळलं. आजोबांना तिनं सांगितलं, “चौकटीत नुसतं ‘गुडघा’ लिहा.”

“हे बरं झालं,” आजोबा म्हणाले. “हा मी विसरायचं म्हटलं तरी विसरू देत नाही.”

तिसऱ्या महिन्याची बैठक. भिंत उजळली आणि सेक्रेटरी आवाज चढवून वाचू लागले.

“सर्वांत जास्त देणग्या... गुडघा.” ते थबकले. “त्यानंतर... मांजर हरवली. मग... मांजर सापडली. मग... सुनेची तक्रार.” त्यांनी चष्मा पुसला. भिंत तीच होती. “आत्या, हे काय आहे?”

“पैसे कशामुळे आले ते.”

“सुनेच्या तक्रारीमुळे?” असं म्हणत त्यांनी त्या ओळीवर क्लिक केलं आणि देणगीदारांची यादी उघडली. पहिलंच नाव अध्यक्षबाईंच्या सासूबाईंचं.

खजिनदारांना चहाचा ठसका लागला. सेक्रेटरी यादी बंद करायला गेले, तर ती आणखी मोठी झाली. आत्याला कपाट येताना स्पष्ट दिसू लागलं.

“काय तक्रार आहे माझी?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“सूनबाई चहात साखर घालू देत नाहीत,” आत्या खालमानेनं म्हणाली.

“अहो, डॉक्टरांनी बंद केलीय!”

“तेच मी त्यांना दर खेपेला सांगते, बाई. म्हटलं, सून वैरीण असती तर साखरेचा डबाच पुढ्यात ठेवला असता. वाचलेल्या साखरेचे पैसे खुर्च्यांना द्या, म्हणजे सुनेवरचा राग सत्कारणी लागेल. तेव्हापासून देतात.”

अध्यक्षबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“सेक्रेटरी, सगळं मिळून फोनचा क्रमांक कितवा?”

“पहिला,” सेक्रेटरी भिंतीला म्हणाले.

“मग टेबल हलणार नाही. आणि नावांच्या याद्या भिंतीवर पुन्हा उघडायच्या नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आपणहून वाजला.

“आत्या, मी बोलतेय. काम काही नाही,” अध्यक्षबाईंचा आवाज दबका होता. “सासूबाईंनी साखर कुठं लपवली होती, माहितेय? उशीच्या अभ्र्यात! मुंग्या लागल्या तेव्हा कळलं.”

“अगं बाई!” आत्यानं खुर्ची पुढे ओढली. “मग?”

मग बरंच काही निघालं. शेवटी अध्यक्षबाईंनी सुस्कारा टाकला. “बरं, मीही थोडे पैसे भरीन म्हणते. कोड काय लिहू?”

“‘उशी’ लिहा,” आत्यानं ‘नवीन कोड’ दाबला. “कुणाच्या बापाला कळायचं नाही.”

पुढच्या बैठकीत सेक्रेटरी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबले.

“मला वाटतं,” ते म्हणाले, “उशीवर आपण जोर दिला पाहिजे.”

अध्यक्षबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.