‘शब्द कमी पडले’ असं मी सांगितलं

“प्रणिताला तुमच्या रेकमेंडेशनवर पाठवायचं का, सर?” मॅडमनी विचारलं. एजन्सीला नावं मेल करायची होती. लॅपटॉपवर यादी उघडी होती आणि त्या माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

मी म्हणालो, “नको.”

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सगळ्यांना माहीत आहे ते असं, की प्रणिता टेस्टमध्ये कटऑफच्या खाली राहिली आणि म्हणून तिचा इंटरव्ह्यू झाला नाही. यात खोटं काही नाही. पण टेस्टनंतरही तिला पाठवता येत होतं, आणि ते फक्त माझ्या शब्दावर होतं. हा भाग मी गाळत आलो.

मी जर्मन शिकवतो. स्वारगेटजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास आहे. मॅडम त्याच्या मालक, मी तिथला सिनियर ट्रेनर. आधी मी हिंजवडीत आयटीवाल्यांना शिकवायचो. पुढे जर्मनीत नर्सेसची मागणी वाढली आणि आमच्याकडे नर्सिंगच्या बॅचेस सुरू झाल्या. पद्धत साधी असते. तिकडच्या हॉस्पिटल्ससाठी एक एजन्सी माणसं शोधते. आम्ही त्यांना कामापुरतं जर्मन शिकवतो. मग व्हिडिओवर इंटरव्ह्यू होतो. त्यात निवड झाली की पुढची परीक्षा, व्हिसा, तिकीट सगळं एजन्सी बघते. म्हणजे सगळं अडतं ते त्या इंटरव्ह्यूपाशी.

प्रणिता मूळची वाशीमकडची. वाघोलीच्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. ड्यूटी संपली की दोन बस बदलून क्लासला यायची. वय चौतिशीच्या पुढे. त्या एजन्सीची पस्तिशीची अट होती, त्यामुळे ही तिची शेवटचीच बॅच. नवरा गोडाऊनमध्ये सुपरवायझर, मुलगी शाळेत. मुलीला तिकडच्या शाळेत घालायचं, हे ती पहिल्याच दिवशी ओळख करून देताना बोलली होती. बाकीच्यांनी ‘करिअर ग्रोथ’ वगैरे सांगितलं.

पहिल्या आठवड्यात मी दर बॅचला एक भाषण देतो. परक्या भाषेतले शब्द कसे लक्षात ठेवायचे, यावर. शब्द एकटा पाठ करू नका. वाक्यासकट घ्या, आणि ते वाक्य तुमच्या रोजच्या कामाला बांधून टाका. बीपी घेताना जे बोलता ते जर्मनमध्ये बोला. दिवसाला थोडेच घ्या, पण तोंडातून काढा. आज घेतलेला शब्द उद्या परत वापरा, मग चार दिवसांनी परत. आणि शब्द आठवला नाही तर गप्प बसू नका. खूण करा, समोरच्याला विचारा, दुसऱ्या शब्दांत सांगा.

सगळे माना डोलावतात. लिहूनही घेतात. प्रत्यक्षात तसं केलं ते प्रणिताने.

पंधरा दिवसांनी मी तिला विचारलं, “काय, जमतंय का?”

“जमतंय ना सर. काल बेड नंबर सातचे आजोबा विचारत होते, ताई, मनातल्या मनात शिव्या कुणाला देता म्हणून.”

ती पेशंटला कुशीवर वळवताना पुटपुटायची, सलाईन लावताना पुटपुटायची. तिच्याकडे शब्द कमी होते, आणि लिंगं तर सगळी चुकायची. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं आणि ते पाठच करावं लागतं. त्यावरून मी तिला टोकायचो. “तिकडे बाई पुरुष काही का असेना, पेशंट बरा झाला म्हणजे झालं,” असं तिचं उत्तर असायचं. वर्ग हसायचा. मीही हसायचो, तेव्हा.

मग एजन्सीचा मेल आला. इंटरव्ह्यू ठरल्यापेक्षा बरेच आधी होणार होते.

मॅडम म्हणाल्या, “सर, तुमची पद्धत उत्तमच आहे. फक्त त्या पद्धतीला वेळ लागतो, आणि तो आपल्याकडे नाही.”

“मग काय करू या?”

“हिंजवडीला तुम्ही ते ॲप वापरायचात ना? आकडे दाखवणारं? एजन्सीला आकडे लागतात.”

ते ॲप माझंच. म्हणजे कोडिंग एका विद्यार्थ्याचं, रचना माझी. स्क्रीनवर जर्मन शब्द येतो, खाली चार अर्थ येतात, बरोबर अर्थावर बोट ठेवायचं. रोज चाळीस नवे शब्द. आठवड्याला टेस्ट. प्रत्येकाला किती शब्द ‘येतात’ ते ग्राफवर दिसतं. हिंजवडीतल्या मॅनेजर लोकांना तो ग्राफ फार आवडायचा.

आता यातली गोम सांगतो. समोर दिसलेला शब्द ओळखणं आणि हवा तेव्हा तो तोंडात येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. लग्नात समोर आलेला माणूस ओळखीचा वाटतो, आपण हसून नमस्कारही करतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. तसंच. माझी टेस्ट फक्त ओळख तपासायची. भाषा शिकवणाऱ्या कुणालाही हा फरक माहीत असतो. मलाही होता. तरी एजन्सीसमोर प्रेझेंटेशन देताना मी त्या आकड्याला ‘व्होकॅब्युलरी’ म्हणालो. एजन्सीने त्यावरच कटऑफ ठरवला. कटऑफच्या खालच्या कुणाला पाठवायचं असेल तर ट्रेनरची शिफारस चालेल, अशी एक ओळ मेलमध्ये खाली होती.

बाकी सगळे ॲपवर गेले. बसमध्ये, कँटीनमध्ये, टकटक बोटं. अक्षय नावाचा एक ब्रदर होता, म्हणजे मेल नर्स. हुशार मुलगा. त्याचा ग्राफ सरळ वर. प्रणिताचा जमिनीवर.

एका टेस्टनंतर मी तिचा स्कोअर वर्गात मोठ्याने वाचला. ते करायला नको होतं.

ती उभी राहिली. “सर, काहून हो? तुमीच तर सांगतलं होतं, शब्द एकटा शिकू नका म्हणून. आता काय झालं, काडीमोड झाला का त्याचा?”

वर्ग खो खो हसला. अक्षय तर बाकावर डोकं ठेवून हसत होता.

मी म्हणालो, “आधी स्कोअर बघा आपला, प्रणिता. विनोद नंतर.”

हसणं थांबलं. ती खाली बसली. उरलेला तास मी तिच्याकडे बघितलं नाही. ती बरोबर बोलली होती, हेच मला झोंबलं होतं.

शेवटच्या टेस्टमध्ये ती कटऑफच्या खाली राहिली. संध्याकाळी पॅसेजमध्ये ती मला गाठायला थांबली होती.

“सर, एकदा माझं बोलून बघा ना. तुम्ही पेशंट व्हा.”

मला घरी जायचं होतं. पण झालो पेशंट. भिंतीला टेकलो आणि जर्मनमध्ये म्हणालो, दुखतंय.

“वो टूट एस वे?” तिने विचारलं. कुठे दुखतंय? विचारताना तिचा हात माझ्या खांद्याच्या दिशेने आला होता, आवाज खाली गेला होता. शिकवलेलं वाक्य ती आठवून म्हणत नव्हती. ती मला विचारत होती. कधीपासून, जास्त की थोडं, रात्री झोप लागली का. दोनदा चुकली, पण मला कळलं नाही असं एकही वाक्य नव्हतं.

मग मी मुद्दाम तिला न येणारा शब्द टाकला. चक्कर येतेय, असं म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “बिटं लांगझाम. त्सायगन झी.” सावकाश बोला, मला दाखवा.

मी डोक्याभोवती बोट फिरवलं. तिने लगेच मला खुर्चीत बसवलं, उठायचं नाही म्हणून जर्मनमध्ये दटावलं आणि पाणी आणायला वळली. पॅसेजमध्ये पाणी नव्हतं. मग आम्ही दोघेही भानावर आलो.

“चालंल का सर?”

“बघतो,” मी म्हणालो.

इतक्या वर्षांत वॉर्डात चालेल असं जर्मन माझ्या फार थोड्या विद्यार्थ्यांना आलं. तिला आलं होतं. हे मला त्या पॅसेजमध्ये कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी विचारलं तेव्हाही ते मला पक्कं माहीत होतं.

मग ‘नको’ का म्हणालो? मी याचा पुष्कळ विचार केला आहे. ‘पाठवा’ म्हणालो असतो तर मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: म्हणजे तुमची टेस्ट चुकीची आहे का, सर? ते मला म्हणायचं नव्हतं. आणि तिच्या बोलण्यावर सगळा वर्ग मला हसला होता. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या मागे बसलो होतो. पलीकडे एका हॉस्पिटलची हेड नर्स होती. पन्नाशीची, हसरी बाई. तिने शब्दांचे अर्थ विचारलेच नाहीत. अक्षयला म्हणाली, “मी पेशंट आहे. उद्या माझं ऑपरेशन आहे. मला काय सांगाल?”

ऑपरेशनआधी पेशंट उपाशीपोटी हवा, याला जर्मनमध्ये एक शब्द आहे. तो ॲपमध्ये होता आणि अक्षयचा तो एकदाही चुकला नव्हता. पण स्क्रीनवर चार पर्याय आलेच नाहीत. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तो म्हणाला, “या.” म्हणजे हो. बाईंनी दोनदा वेगळ्या शब्दांत विचारलं. त्याने दोन्ही वेळा नुसती मान डोलावली.

‘काही खाऊ नका, काही पिऊ नका’ एवढं पहिल्या महिन्यातल्या शब्दांतही सांगता येतं. प्रणिताने सांगितलं असतं.

अर्धीअधिक बॅच नापास झाली. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सर, हे सगळे तुमच्या टेस्टमध्ये टॉपर होते ना?”

“हो.”

“मग बोलायचं कुठे विसरले?”

मी म्हणालो, पद्धत बदलायला हवी. पुढच्या बॅचपासून ॲप फक्त उजळणीला ठेवलं. वर्गात खाटा मांडल्या. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने नर्स, आणि पेशंटने मुद्दाम एखादा न येणारा शब्द टाकायचा. त्या बॅचचे इंटरव्ह्यू चांगले झाले. माहितीपत्रकात आता ते माझ्या नावावर ‘वॉर्ड मेथड’ म्हणून छापलेलं आहे. मॅडमनी विचारलं होतं, कसं सुचलं हो तुम्हाला? मी म्हणालो, अनुभवातून.

तोवर प्रणिताची पस्तिशी उलटली होती.

जमा केलेली ओरिजिनल सर्टिफिकेट्स परत न्यायला ती एकदा आली. ड्यूटीवरून थेट आली होती. चहा नको म्हणाली. जाताना दारात थांबली.

“सर, राग नाही हो. पण खरं सांगा, माझं काय कमी पडलं?”

तेव्हा सांगता आलं असतं. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो.

“शब्द कमी पडले,” मी म्हणालो. “बाकी तुमचे प्रयत्न चांगले होते.”

“वाटलंच होतं मले,” ती हसून म्हणाली. “डोकंच नाही ना तेवढं. उगाच तुमचा वेळ घेतला.”

माझा वेळ घेतला म्हणून तिने माझी माफी मागितली आणि मी ‘छे, छे’ म्हणालो.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. अजून वाघोलीलाच आहे, आता आयसीयूला. मुलीला शाळेत तिसरी भाषा निवडायची आहे. मुलगी जर्मन घेते म्हणून हट्ट धरून बसली आहे. ‘मी नको म्हणतेय सर. माझ्यावर गेली असेल तर तिला जमायचं नाही. तुम्ही काय म्हणता?’

मी लिहिलं, ‘तिच्या आवडीने ठरवू द्या.’ तिने हात जोडल्याची खूण पाठवली. मुलीने शेवटी काय घेतलं, ते मी विचारलेलं नाही.

नवीन ट्रेनर मला टेस्ट कशी काढायची विचारतात. मी सांगतो, शब्द ओळखायला लावू नका, वापरायला लावा. आणि टेस्ट एक सांगत असेल आणि कान दुसरं, तर कानाचं ऐका. ते लिहून घेतात.

प्रणिताचं जर्मन चांगलं होतं. टेस्ट चुकीची होती. तिला पाठवायचं का असं मला विचारलं होतं आणि मी नको म्हणालो. एवढं तिला सांगायचं देणं मी लागतो. तिचा नंबर माझ्याकडे आहे. अजून सांगितलेलं नाही.