तिनं चाखलेली गार्नाचा

माझ्या बायकोला क्षय झाला तेव्हा मी हिंगोलीच्या कचेरीत नक्कलनवीस होतो. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. कागद उर्दूत यायचे आणि मी दिवसभर बसून त्यांच्या उर्दूतच नकला उतरवून द्यायचो. मूळ गाव जवळा बाजारच्या बाजूचं, कोरडवाहू शेतीचं. वडील माझ्या लहानपणीच गेले, मोहाची पिऊन पिऊन गेले. शेवटी त्यांचं पोट पाण्यानं फुगलं होतं. आईनं दुसऱ्यांच्या शेतात खुरपून मला शिकवलं आणि नोकरी लागल्यावर ती माझ्याबरोबर हिंगोलीला राहायला आली. दारू हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी काढत नसे.

बायको डोंगरकड्याची, शेतकऱ्याची लेक. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्या नाकाला आणि जिभेला सगळं कळायचं. डाळ नव्या तुरीची की जुन्या, घागरीतलं पाणी कोणत्या विहिरीचं, दुधात दुसऱ्या म्हशीचं दूध मिसळलंय का, हे ती पातेल्यावर वाकून सांगायची. आम्ही तिची चेष्टा करायचो. लग्नाला पाच वर्षं झाली होती, लेकरू झालं नव्हतं.

आधी नुसता खोकला होता. मग रोज दिवस कलला की अंग तापायला लागलं. एका सकाळी ती अंगणात भांडी घासता घासता थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला. पदरावर रक्त होतं. तिनं तो पदर राखेनं घासला, धुतला आणि मला दुपारी सांगितलं.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी तिची पाठ ठोकून पाहिली, मला बाहेर आणलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. या रोगावर तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, दूध, अंडी, विश्रांती, एवढंच. आम्ही परसात लिंबाखाली तिची बाज टाकली. पण तिचं जेवणच सुटलं. भाकरी तोंडात घोळवायची आणि बाजूला काढून ठेवायची. "मातीवानी लागतंय," म्हणायची.

मी परत डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "भूकच नई लगती तो दूध-अंडा क्या करेगा? खाने के पैले थोडी लाल वाईन दो. अंगूर की. ठेके का माल नक्को, अच्छी चीज." आणि त्यांनी मला जुन्या छावणीजवळच्या पारशी शेठचं दुकान सांगितलं.

हिंगोलीत कधीकाळी मोठी फौज होती. साहेबलोकांसाठी सोडा, बिस्किटं आणि विलायती बाटल्या विकायला हे शेठ तरुणपणी आले होते. फौज गेली, साहेब गेले, शेठची बायकोही गेली. शेठ राहिले. सत्तरीला टेकलेले, अंगात पांढरा डगला, डोक्याला काळी टोपी. मी डॉक्टरांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी फळीवरच्या बाटल्यांकडं पाहिलंही नाही. मला मागच्या अंगणात नेलं. तिथं धान्य साठवायचं एक जुनं पेव होतं. त्या जमिनीतल्या खड्ड्यात, गार कोरड्या वाळूत, त्यांनी बाटल्या आडव्या निजवून ठेवल्या होत्या.

"ही स्पेनची आहे," ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. "मुंबईत माझा दोस्त आहे, जहाजाच्या हापिसात. तो दर साल पाठवत होता. मग तिकडे लढाई पेटली आणि माल बंद झाला. एकच जातीचा द्राक्ष आहे हिच्यात, दुसरा काही मिळवणी नाही. गार्नाचा बोलतात."

मी बाटलीसाठी हात पुढं केला तर त्यांनी ती दिली नाही. "तू गरम करशील, हलवशील, खराब करशील. मी येतो."

आईला मी सांगितलं की डॉक्टरांनी द्राक्षासव दिलंय. वैद्याचं द्राक्षासव तिला माहीत होतं.

शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आले. फडक्यात गुंडाळलेली बाटली आणि दांड्याचा एक पातळ काचेचा पेला घेऊन. बाटली उघडून त्यांनी जरा वेळ तशीच ठेवली आणि मग पेल्यात दोन बोटं ओतली. रंग काळा नव्हता, डाळिंबाच्या दाण्यांच्या रसासारखा लाल होता. बायकोनं औषध घेतात तसं डोळे मिटून तोंड उघडलं.

"नको नको, दीकरी," शेठ म्हणाले. पारशी लोक मुलीला दीकरी म्हणतात. "आधी वास. पेला असा फिरव. मग नाक घाल. घाई नको."

तिनं पेला फिरवला, नाक घातलं आणि कितीतरी वेळ ती तशीच राहिली. मला वाटलं खोकला येईल. आला नाही.

"हे कोणतं तरी फळ हाय," ती म्हणाली. "लाल हाय, मऊ हाय. पन म्या कधी खाल्लं न्हाई ते."

शेठनं माझ्याकडं पाहिलं. "स्ट्रॉबेरी," ते म्हणाले. "महाबळेश्वराला मिळते. अजून?"

"मागून मिरे. काळे न्हाईत, पांढरे." मग तिनं घोट घेतला, गालात फिरवला आणि गिळला. "जिभेला तुरट लागतं. हिरड्याइतकं न्हाई, डाळिंबाच्या सालीइतकं. अन् आता घशाखाली ऊन पडल्यावानी झालं."

त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

त्यानंतर शेठ दोन दिवसांआड येऊ लागले. उघडलेली बाटली चार दिवसांत बिघडते म्हणून उरलेली ते स्वतः आणि थोडी मी, अशी संपवायचो. मी पहिला घोट घेतला तेव्हा वडिलांचा वास आठवून पेला खाली ठेवला. पण बायको जे जे सांगायची ते मी त्या घोटात शोधायला लागलो, आणि हळूहळू मलाही ते सापडायला लागलं. शेठ शिकवायचे: एकच द्राक्ष असलं म्हणजे लपायला जागा नाही. माती, पाऊस, ऊन, बनवणाऱ्याचा हात, सगळं उघडं पडतं.

एकदा त्यांनी जुनी बाटली आणली. रंग विटकरी झाला होता. बायकोनं वास घेतला आणि हसली. "मोटंचं चामडं! वाळाया टाकलेल्या मोटंवानी. अन् सुकलेलं अंजीर." मग विचारलं, "बावाजी, ही तीच व्हय? तेच द्राक्ष?"

"तेच."

"मंग मानसावानीच हाय की. म्हातारपणी वळखू येत न्हाई."

आणखी एका बाटलीचा घोट तिनं दोनदा घेतला. "ह्या साली तिकडं पाऊस कमी झाला असंल," म्हणाली. शेठनं कसं ओळखलं म्हणून विचारलं. "पानी तुटलं की आमच्याकडं बोरं बारकी येत्यात. साल जाड, गर थोडा, पन लई गोड. ही तशीच हाय. तुरट बी जास्त अन् गोडी बी जास्त." चार दिवसांनी शेठ मुंबईच्या दोस्ताचं जुनं पत्र शोधून घेऊन आले. त्यात त्या सालच्या मालाबद्दल लिहिलं होतं की दुष्काळामुळं पीक थोडं आलं, पण माल जोरदार आहे. शेठनं ते तिला वाचून दाखवलं. ती लाजली. माझ्या आठवणीत तिच्या आजारपणातला तो एक चांगला दिवस आहे.

पण अंग उतरतच होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. आणि शेवटी आईला कळलं.

मी कचेरीतून आलो तर आई मोरीजवळ उभी होती. अर्धी भरलेली बाटली तिच्या हातात उपडी होती आणि मोरीतून लाल पाणी वाहून चाललं होतं.

"द्राक्षासव व्हय रे हे?" ती म्हणाली. "पंधरा वरसं म्या तुझ्या बापाच्या तोंडाचा वास घेतला. मला शिकवतो का द्राक्षासव?"

"डॉक्टरनं सांगितलंय, माय."

"डाक्टर मुसलमान, दुकानदार पारशी, अन् पाजनारा माझा लेक. माझ्या घरात बायामानसाला दारू? तिला मरताना तरी सुखानं मरू दे."

ते शब्द परसात बाजेपर्यंत ऐकू गेले. बायकोनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं.

शेठना मी येऊ नका म्हणून निरोप दिला. बायको काही रुसली नाही, रुसायचं बळच नव्हतं तिच्यात. पण तिचं खाणं पुन्हा थांबलं. पहिल्या दिवशी दूध घेतलं, दुसऱ्या दिवशी तेही नको. आई ताट घेऊन बाजेशी बसायची, घास कालवायची, मिनतवाऱ्या करायची आणि ताट तसंच उचलून आणायची. रोग लागंल म्हणून शेजारपाजारच्या बाया आमच्या दारात येत नव्हत्या. आई मात्र तिच्या तोंडातलं पुसायची, तिची थुंकदाणी धुवायची. आईचा राग दारूवर होता, सुनेवर नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर आई नव्हती. वैशाखातलं ऊन होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. जरा वेळानं ती आली. अनवाणी, चेहरा लालबुंद झालेला, पदराखाली काहीतरी धरलेलं. तिनं पदर बाजूला केला. बाटली होती. जन्मात ज्या रस्त्यानं गेली नव्हती त्या रस्त्यानं जाऊन, दारूच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिनं ती मागून आणली होती.

"शेठ न्हवता," ती म्हणाली. "तिथल्या मानसाला म्हनलं, स्पेनची दे, माझ्या सुनंला पायजे. बराबर हाय का बघ."

बाटली स्पेनची होती, पण दुकानातल्या माणसानं ती पेवातून काढली नव्हती. फळीवरची होती, उन्हाळ्यांमागून उन्हाळे तापलेली. मला ते तेव्हा कळलं नाही. बाटली आणल्याचं कळताच संध्याकाळी शेठ धावत आले. त्यांनी ती उघडली, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पेला माझ्यापुढं धरला. चिंचेचं आंबलेलं पाणी आणि त्यात गंजल्या लोखंडाचा वास. ते ओतून द्यायला वळले, तेवढ्यात बायको म्हणाली, "द्या की इकडं."

आई बाजेच्या पायथ्याशी बसली होती आणि तिच्या तोंडाकडं टक लावून पाहत होती.

बायकोनं पेला फिरवला. नाक घातलं. घोट घेतला, गालात फिरवला, शेठनं शिकवलं होतं अगदी तसं. गिळला.

"लई छान हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "सगळ्यांत चांगली हीच हाय."

मग तिनं आईच्या हातून दोन घास खाल्ले. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

शेठ मला रस्त्यापर्यंत घेऊन गेले. "नाक गेलं तिचं," ते म्हणाले, आणि अंधार पडायच्या आधी निघून गेले. मलाही तेच वाटलं. मी परत आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. मी बाजेवर बसलो आणि बायकोला विचारलं, तुला खरंच छान लागली का?

"आंबलेली होती," ती म्हणाली. "फळीवरची असंल. मला वासावरच कळलं." थोडा दम खाऊन पुढं म्हणाली, "अवं, त्या उनातून अनवाणी गेल्या व्हत्या. काय सांगू मी त्यास्नी?"

त्यानंतर ती अकरा दिवस होती. शेठनं पेवातल्या बाटल्या पाठवल्या, पण घोट उतरत नव्हता. आई कापसाचा बोळा बुडवून तिच्या ओठांना लावायची. एका सकाळी आई दूध तापवत असताना ती गेली. मी बाजेजवळच होतो. जाता जाता तिनं माझ्याकडं पाहिलं.

आईला पुढच्या वर्षाअखेर खोकला लागला. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत तीही त्याच लिंबाखाली गेली. ती बाटली आंबलेली होती हे मी तिला कधी सांगितलं नाही. आजाराच्या पुऱ्या दिवसांत आई एकदाच सुनेबद्दल बोलली: "पोरगी शेवटी माझ्या हातची जेवली." मी व्हय म्हणालो.

शेठकडं मी दोनतीनदा गेलो. त्यांनी बाटली उघडली, आम्ही दोघं बसलो, पेले फिरवले. पण आम्हाला सांगायला काहीच सुचत नव्हतं. मग मी जाणं सोडलं.

पुढं रझाकारांची धामधूम आली, गावं ओस पडली, माणसं हद्दीपलीकडं वऱ्हाडात पळाली. मग हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. त्या गडबडीत कुणीतरी शेठचं दुकान फोडलं. पेवातल्या वाळूत काचा तेवढ्या राहिल्या. शेठ मुंबईला भावाच्या लेकाकडं जायला निघाले आणि टांगा आमच्या दाराशी थांबवून आत आले. फार म्हातारे दिसत होते.

"तुला एक बोलायचं होतं," ते म्हणाले. "पहिल्या दोन बाटल्या मी दवा म्हणून आणल्या. त्यानंतर मी तिच्यासाठी येत नव्हतो, मी माझ्यासाठी येत होतो. पन्नास वरस मी हा माल विकला, अशी जीभ पाहिली नाही. पोरगी मरत होती आणि मी घरी बसून विचार करत होतो, परवा कोणती बाटली नेऊ, ती काय बोलेल. मला मजा येत होती, बेटा. ते मला सुखानं झोपू देत नाही."

मला त्यांना खूप काही सांगता आलं असतं. की तिलाही मजा येत होती, की त्या महिन्यांत तिला कुणी क्षयाची बाई म्हणून नाही तर जाणकार म्हणून वागवलं असेल तर ते फक्त त्यांनी. पण मी एवढंच म्हणालो, "मलाही येत होती, बावाजी."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना हात धरून टांग्यात बसवलं. गाडीची वेळ झाली होती. टांगा वळेपर्यंत मी उभा राहिलो आणि मग कचेरीत गेलो. तिथं त्या आठवड्यापासून उर्दूचे कागद बाजूला पडत चालले होते आणि आम्हा नक्कलनवीसांना मराठीतून नकला करायला शिकायचं होतं.