हिलालचा टेरिलीनचा सदरा

शिरपूरजवळच्या खेड्यातला हिलाल बंगळूरकडे एका कारखान्यात उपग्रहाचे इलेक्ट्रॉनिक भाग जोडायचा. नव्वद सालाच्या आसपास त्यांचा एक उपग्रह वर गेला आणि गावाने हिलालचा सत्कार ठरवला. त्याला मात्र मान वर करवेना. त्याने जोडलेला भाग त्या उपग्रहात नव्हताच. तसे त्याने सरपंच अभिमन आबांना सांगूनही पाहिले. "उपग्रह वर गया ना? मंग झायं!" म्हणून आबांनी त्याला उडवून लावले.

सत्काराच्या दिवशी सकाळी आईने, नर्मदाबाईने, दिवाळीला स्वतः शिवलेला टेरिलीनचा सदरा काढून ठेवला. जन्मभर कापूस वेचलेल्या त्या माउलीला टेरिलीनचे मोठे अप्रूप. हिलालने सुती सदरा चढवला.

"काबर रे? हासनात का लोके मना सदराले?"

तिचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. मग त्याने खरे ते सांगितले. कोरड्या हवेत असले कृत्रिम धाग्याचे कापड अंगाला घासले की त्यात वीज साठते. माणसाला ती जाणवतही नाही, पण चिपच्या आतली नाजूक जाळी तेवढ्याने पोळते. जखमी चिप कधी कधी काही दिवस चालतेही. मग आभाळात दगा देते, आणि तिथे दुरुस्तीला कोण जाणार? म्हणून कामावर सुतीच कपडे घालायचे, अशी सक्ती होती. आईची आठवण म्हणून त्याने एक दिवस कामावरच्या डगल्याच्या आत तो सदरा घातला. वाकताना बाही बाहेर आली, भागाला लागली. पुढे चाचणीत तो भाग बंद पडला. हिलालने साहेबांपुढे चूक कबूल केली. उपग्रहात दुसऱ्याचा भाग बसला.

"म्हंजे मना सदरानी बिघाडं?"

"नही माय. नियम माले माहीत व्हता. चूक मनी शे."

"व्हय," एवढेच म्हणून तिने सदऱ्याची घडी घातली.

संध्याकाळी चावडीपुढे आबांनी हाक दिली, "नर्मदाक्का, या वर! पोरगं काय मायबिगर आभायमाईन पडनं का?"

लोक हसले. मागे बायकांत बसलेल्या नर्मदाबाईने पदर तोंडावर ओढून घेतला.

"लाजस डोकरी!" शेजारीण म्हणाली.

हिलालला ते ऐकू आले. खरे बोलून तो मोकळा झाला होता. त्याची लाज मात्र आता तिच्या पदराआड बसली होती. सत्काराचा नारळ घेऊन तो तिच्यापर्यंत गेला, सगळ्यांदेखत खाली बसला. "माय, ले ना."

तिने हात पुढे केला नाही.