फोटोला घातलेला हार

आमच्या दहावीच्या बॅचच्या स्नेहसंमेलनात माझ्याकडे एकच काम होतं, वारलेल्या वर्गमित्रांचे फोटो जमवण्याचं. पन्नाशीतली माणसं नाश्त्याला मिसळ ठेवायची की उपमा यावर तीन आठवडे भांडली, पण हे काम कुणालाच नको होतं. मी हौसेने अंगावर घेतलं आणि ग्रुपवर शाबासकीही मिळवली.

चार फोटो झाले. त्यातला एक माझ्या बाकावरच्या मित्राचा, वर्गाच्या जुन्या फोटोतून कापून घेतलेला. तो पेठ तालुक्यातला, नाशिक रोडला थोरल्या भावाकडे राहून शिकलेला. शाळेत आम्ही पोरं एकमेकांना आडनावानेच हाक मारायचो, अजूनही तसंच बोलतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कुणीतरी ग्रुपवर नुसतं आडनाव टाकून लिहिलं, 'आज सकाळी निधन.' मी लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, जोडलेले हात टाकले आणि चहा प्यायला गेलो. त्याच्या घरी फोन केला नाही. तेव्हा रोजच कुणी ना कुणी जात होतं, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये मी माइकवर चारही नावं वाचली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. डोळे उघडले तर दारात पिकल्या केसांचा एक माणूस हात जोडून उभा. तो ग्रुपवर नव्हताच. शाळेच्या फाटकावरचा फलक वाचून आला होता आणि एसटीने त्याला उशीर केला होता. बिचारा सगळ्यांबरोबर मान खाली घालून शांतता पाळत होता. मग त्याची नजर टेबलाकडे गेली. तो सावकाश पुढे आला आणि स्वतःच्या फोटोवरचा हार काढून बाजूला ठेवला.

"मी हाय ना अजून," तो म्हणाला.

हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. लाज वाटत असूनही मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. उपम्याच्या वेळी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि हात जोडले. "माफ कर रे. फार मोठी चूक झाली."

"फोटोचं काय एवढं," तो म्हणाला. "तेव्हा गेला तो माझा भाऊ."

ड्युटीवरून दमून येऊन आम्हा दोघांना बीजगणित शिकवणारा भाऊ. त्याच्या घरी मी किती संध्याकाळी जेवलो असेन, त्याची गणतीच नाही. तो गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं, आणि ज्याला मी मारून मोकळा झालो होतो तो समोर उभा राहून उपमा खात होता. मला माझीच किळस आली.

"लय वाट पाहिली तुझी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "वाटलं, बाकी कोणी नाय आलं तरी तू येशील. नायतर फोन तरी करशील."

"तुझा नंबरच नव्हता रे माझ्याकडे," मी म्हणालो. त्या दिवशी मी शोधलाही नव्हता, हे माझं मला माहीत.

"मग आता घे. जुनाच हाय, बदलला नाय," असं म्हणून तो एकेक आकडा सांगू लागला आणि मी दाबत गेलो. पाचव्या आकड्याला स्क्रीनवर त्याचं आडनाव आलं. मी स्क्रीन झाकायच्या आत त्याने ते वाचलं होतं.

पुढचे आकडे त्याने सांगितले नाहीत.