रोह्याहून आलेली दोन मजली पेटी

पेणजवळच्या रामवाडीच्या कमळाकर घरतला संशयाची सवय होती. नारळ घेताना सगळेच तो कानाशी हलवतात. कमळाकर नारळ हलवायचा आणि बघायचा विकणाऱ्याच्या तोंडाकडे. देवळात शिरताना एक चप्पल या खांबाशी, दुसरी त्या खांबाशी. "जोड एकत्र ठेवली की चोराची सोय होते," म्हणायचा.

"अवो, तुमच्या चपला बघून चोरच आपली एक ठेवून जाईल," बायको इंदुबाई म्हणायची.

भरवसा म्हणावा असा त्याचा दोनच ठिकाणी. एक देव आणि दुसरा मोरू. मोरू खाडीकडच्या मिठागरात कामाला, पण बोटं ढोलकीची. कमळाकर पेटीवर, मोरू ढोलकीवर, अशी ही जोडी पेणपासून रोह्यापर्यंत कितीतरी घरांच्या हळदींना वाजवत आलेली. एकाने मान हलवली की दुसऱ्याला कळायचं, आता लय वाढवायची.

रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं काम जोरात चाललं होतं, त्या सालची गोष्ट. हळदीला वाजवणाऱ्या त्यांच्या पार्टीचा मालक हितेश रोह्याहून आला आणि चहा संपायच्या आत म्हणाला, "कमळाकरभाऊ, पेटी आता भजनाला ठेवा. मांडवात लोकांना सिंथेसायझर पाहिजे. तुळशीचं लग्न लागलं की आपली पहिली हळद गडब गावाला हाय. तोवर आणलात तर तुम्ही, नायतर मला दुसरा माणूस बघावा लागल."

याने दुसरा माणूस कधीच बघून ठेवलाय, कमळाकरच्या मनात आलं. तरी तो मुंबईच्या दुकानात जाऊन आला. किंमत ऐकली आणि पट्टीवर टेकवलेलं बोट अलगद उचलून घेतलं.

वाट काढली ती मोरूने. रोह्याला गिरजाबाई नावाची बाई होती, कंपनीच्या एका साहेबाकडे स्वयंपाकाला असलेली. साहेब परदेशी निघाला तेव्हा घरातला जुना ऑर्गन तिला देऊन गेला. लाकडी, टेबलाएवढा. पट्ट्यांच्या दोन ओळी, खाली एक आणि वर एक. त्यांच्या मध्ये रंगीत बटणं, पायाशी दाबायच्या फळ्या, आणि स्पीकर पोटातच. गिरजाबाईने त्यावर पिठाचे डबे मांडले होते.

मोरूने डबे उतरवले, कमळाकरने पिन लावली. एक बटण दाबलं तर बासरी, दुसरं दाबलं तर व्हायोलिन. दोन्ही दाबली तर असा भरदार सूर निघाला, की शेजारच्या बाया दारात आल्या. मुंबईच्या दुकानातलं ते चपटं यंत्र यापुढे खेळणं वाटावं. आणि किंमत त्याच्या आवाक्यातली!

झालं, तिथेच कमळाकरचं डोकं फिरलं.

"एवढा चांगला चालतो, मग विकतेस कशाला गो?"

"जागा अडते म्हणून."

"आणि एवढ्या थोडक्यात?"

"जास्त देतोस? दे की. मी कुठं नको म्हणतेय?"

मोरू हसत सुटला. कमळाकर मात्र बाहेर जाऊन दोन शेजारणींना वेगवेगळं गाठून विचारून आला. दोघींनी एकच हकिकत सांगितली. त्यावर हा मोरूच्या कानाशी लागला, "शब्दाला शब्द जुळतोय. शिकवून ठेवलेल्या दिसतात."

"मग काय, एकीने साहेब विलायतेला आणि दुसरीने पाकिस्तानला पाठवायचा होता? चल, उचल!"

भाताच्या टेम्पोतून ऑर्गन पेणला आला. सबंध रस्ता मोरू मागे उभा राहून त्याला धरून होता. खड्डा आला की "सांभाळ रं बाबा" असं ऑर्गनलाच सांगत होता.

घरी वाजवायला बसल्यावर निराळीच गंमत. कमळाकरच्या डाव्या हाताला जन्मभर पेटीचा भाता ओढायची सवय. इथे भाताच नाही. उजवा हात सूर धरायचा आणि डावा उगाच हवेत पुढेमागे व्हायचा. इंदुबाई म्हणाली, "त्या हाताला मला वारा घालायला बसवा."

मोरूने सहज म्हणून एक पिवळं बटण दाबलं. आतून टिक-टिक-ढप, टिक-टिक-ढप असा ताल सुरू झाला. थांबेना, चुकेना.

"यात ढोलकीवाला पण बसवलाय काय रं?" मोरू हसला. पण ते हसू जरा लवकर संपलं. कमळाकरने ते बघितलं आणि मनात ठेवून दिलं.

त्याच्या मनात आणखीही एक होतं. साहेब खरंच परदेशी गेला, की मेला? मेलेल्याच्या वस्तूत त्याचा जीव घुटमळत असला तर? म्हणून दसऱ्याला, कोयता-विळ्यांची पूजा झाल्यावर, त्याने पिन काढून ऑर्गनची पूजा मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. अक्षतांचे दोन-चार दाणे वाहून भागलं असतं. पण याला साहेबाची धास्ती. मूठ भरून खालच्या मजल्यावर, मूठ भरून वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी इंदुबाईने फडक्याने सगळं पुसून घेतलं. पुढे दिवाळीभर दोघांनी तालीम केली. सूर कसे गोड लागत होते!

तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि हितेश ऐकायला आला. कमळाकरने देवाचं नाव घेऊन सुरुवात केली. मोरूने ठेका धरला. हितेशची मान डोलायला लागली, आणि तेवढ्यात एक बारीक सूर मागे राहिला. कमळाकरने बोटं उचलली, तरी तो चालूच. दोन्ही हात वर केले, तरी चालूच. भुणभुण, भुणभुण.

"हे कोण वाजवतंय?" हितेशने विचारलं.

कमळाकरने पिन उपटली. मग त्याची नजर मोरूवर गेली.

"काल तू याच्या मागच्या बाजूला काय करत होतास?"

"वायर गुंडाळत होतो. का?"

"वायर गुंडाळत होतास की तोडत होतास? आत ढोलकीवाला बसलाय ते बघितल्यापासून तुझं तोंड उतरलंय, मला काय दिसत नाय?"

मोरू उठला. ढोलकी फडक्यात बांधली, इंदुबाईला "येतो गो वहिनी" म्हणाला आणि निघून गेला. हितेश म्हणाला, "गडबच्या हळदीच्या आत हे नीट करा. नाय झालं तर कळवा."

कमळाकरने मागची फळी काढली. वायरी तपासल्या, जळाल्याचे डाग शोधले, कापल्याची खूण शोधली. काही सापडेना, पिन लावली की भुणभुण होतीच. संध्याकाळी इंदुबाई देवापाशी दिवा लावून तिथे आली. तिने मागे पाहिलंच नाही. पट्ट्यांवरून नुसती नजर फिरवली, जशी ती रोज सुपातल्या तांदळावर फिरवायची. वरच्या मजल्यावरची एक पट्टी शेजारणींपेक्षा किंचित खाली बसली होती. केसातला आकडा काढून तिने फटीत घातला. पट्टी टुणकन वर आली. आकड्याच्या टोकाशी कुंकवाने लाल झालेला, अखंड तांदळाचा एक दाणा.

"अवो, हा बघा तुमचा मोरू," ती म्हणाली. "दसऱ्याला अक्षतांचे दाणे मीच निवडले होते. आणि मुठी कोणी भरल्या, ते देवाला ठाऊक हाय."

दुसऱ्या दिवशी तो दाणा कागदात गुंडाळून कमळाकर मिठागरावर गेला. मोरू गुडघाभर चिखलात उभा राहून बांध लिंपत होता.

"दाणा होता, मोरू. पट्टीत अडकलेला. मीच वाहिलेला."

मोरूने हात धुतले, दाणा घेतला, उन्हात धरून बघितला.

"हा तू आज घरनं रंगवून आणला नसशील कशावरनं? हळद जवळ आली, तुला ढोलकी पाहिजे."

"इंदूने काढला. तिला विचार."

"ती तुझीच बायको. शिकवून ठेवली असशील."

मोरूने दाणा परत दिला आणि पुन्हा चिखलात उतरला.

गडबच्या मांडवात ऑर्गन बघायला हीऽ गर्दी. नवरा पाटावर बसलेला, हळदीची ताटं आलेली. ढोलकीची जागा मोकळी. कमळाकरने नुसत्या सुरांवर गणपतीचं एक गाणं म्हटलं, मग देवीचं. बाया ओरडल्या, "अरे ठेका दे! नाचायचं काय डोंबल?"

हितेश जवळ आला. "कमळाकरभाऊ, ते पिवळं बटण दाबा ना! ढोलकीवाला आतच हाय. त्या मोरूवाचून काय अडलंय?"

"अडलंय," कमळाकर म्हणाला.

"मग पुढच्या हळदीला मी दुसरा माणूस आणू?"

"आण."

हितेशने स्वतःच बोट पुढे केलं. तेव्हा कमळाकरच्या डाव्या हाताला पहिल्यांदा काम सापडलं. पंजा पसरून त्याने ते बटण झाकून टाकलं, आणि उजव्या हाताने देवीचं पुन्हा धरलं.

"कमळ्या, हात काढ आता. घामाने गंजेल ते बटण."

मोरू मांडवाच्या मागून आला. काखेत ढोलकी.

"कधीपासून आहेस तिथं?"

"गणपतीपासून. बघत होतो, दाबतोस का नाय."

मोरू मांडी घालून बसला, ढोलकी गुडघ्याखाली घेतली, दोऱ्या ओढल्या. "काढ म्हटलं ना हात. भरवसा नाय?"

"तू आधी थाप मार," कमळाकर म्हणाला.

आणि थाप पडेपर्यंत त्याने हात काढला नाही.