पाणी मागून पाहायचं गाव

खरं सांगा, लोणारला आलात तेव्हा गाडीतून किती वेळ खाली उतरला होतात?

वीस मिनिटं? काठावर गेलात, सरोवराकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढलात, "एवढंच?" असं म्हणालात आणि गाडीत बसलात. लाजू नका, बहुतेक जण हेच करतात. पण मग लोणार पाहिलं असं कुणाला सांगू नका. तुम्ही एक मोठा खड्डा पाहिलात. गाव पाहायचं राहून गेलं, कारण स्टँडवर तुम्हाला मामा भेटले नाहीत.

भेटले असते तर त्यांनी आधी हात पुढे केला असता. पाहुण्याला वाटायचं, हस्तांदोलन. तोही हात पुढे करायचा. मामा म्हणायचे, "हात राहू द्या. बाटली आना इकडं."

"कशाला?"

"पाण्याचं गाव पाह्याले आले अन् पाणी संग घेऊन आले? लगनात डबा घेऊन जाता का?"

बाटली जप्त व्हायची आणि माझ्या दुकानात यायची. स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कागदाच्या रिमांशेजारच्या फळीवर रविवारी सात-आठ बाटल्या उभ्या असायच्या. एकदा एकीत लिंबू सरबत निघालं. ते कुणाचं हे ठरेना, म्हणून मामांनी आणि मी ते अर्धं अर्धं पिऊन टाकलं.

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. शेतकरी घरातले, वरच्या आळीतले. नोकरी मात्र गावाला पाणी सोडण्याची. पहाटे लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे आणि एकेका गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह फिरवत जायचे. निवृत्त झाले, चावी गेली, पण पाय काही थांबेनात. मेहकरहून सुलतानपूरमार्गे येणारी सकाळची बस लागली की मामा स्टँडवर हजर. डोक्याला टोपी आणि गळ्यात कॅमेरा असा माणूस उतरला की तो त्यांचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं.

फिरायची पद्धत त्यांची स्वतःची होती. गाडी स्टँडवरच राहील. सगळं गाव पायी. आणि प्रत्येक गल्लीत एका घरी पाणी मागून प्यायचं. घर पाहुण्यानं निवडायचं, दार पाहुण्यानं वाजवायचं. मामा चार पावलं मागे, आभाळाकडे पाहत उभे.

"पण ओळख ना पाळख, कसं मागायचं?"

"पाणी मिळन का, इतकंच म्हना. इंग्रजीत नका म्हनू म्हंजे झालं."

आधी दैत्यसूदनाचं देऊळ. तिथं ते पाहुण्यांना उताणं झोपवायचे, कारण छतावरचं कोरीव काम उभ्यानं पाहिलं की मान धरते. मग बाजाराची गल्ली, मग मोमिनांचा मोहल्ला, मग पायऱ्यांची बारव, मग गोमुखातून पडणारी धार. सरोवर सगळ्यात शेवटी. कुणी घाई केली की म्हणायचे, "थे काय पळून जाऊन राह्यलं? हजारो वर्सं बसलं आहे तिथं. तुमच्यासाठी चार घंटे अजून बसन."

पाणी पिऊन झालं की लगेच तोंडी परीक्षा. "कसं लागलं?"

पुण्याची एक मुलगी म्हणाली, "पाण्यासारखं."

"नापास. पुढच्या गल्लीत पेपर परत."

चौथ्या घरापर्यंत ती बोअरचं पाणी, रांजणाचं पाणी, फ्रिजचं पाणी सांगायला लागली. धारेवर ओंजळ तोंडाला लावली आणि काही बोललीच नाही. मामा खूश. "आता पास झाली." समोर तळं खारं आणि त्याच्याच काठावर ही गोड धार, हे तिला कुठल्या फलकावर वाचायला लागलं नाही.

पाणी मागितलं की आमच्याकडे नुसतं पाणी कुणी देत नाही, ही मामांच्या वेळापत्रकातली मोठी अडचण होती. मोहल्ल्यातली खाला दारातच दटावायची, "खड़े खड़े क्यों पी रहे बेटा? बैठो." बसलं की शेवया आल्याच. नागपूरच्या एका नवरा-बायकोनं एप्रिलमध्ये असंच एक दार वाजवलं. वर गच्चीवर कुरडया चालल्या होत्या. तासाभरानं मामा वर गेले, तर नवरा सोऱ्या दाबत होता आणि बायको त्याला चुका सांगत होती. सरोवर त्यांनी मावळतीला पाहिलं. पुढच्या एप्रिलमध्ये दोघं परत आले आणि स्टँडवरून थेट त्याच गच्चीवर गेले. मामांनी विचारलं, "अन् तळं?" नवरा म्हणाला, "मागच्या वर्षी पाहिलंय."

एके दिवशी मामा शाळेची वही घेऊन माझ्या दुकानात आले. एका दिवसात लोणार कसं पाहायचं, याचा एक कागद त्यांना छापून हवा होता. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला द्यायला. मी टाईप करत गेले आणि धारेनंतरच्या ओळीवर हात थांबला. तिथं आमची वस्ती लिहिली होती. चढावरची, विहाराच्या मागची बौद्ध वस्ती. मी तिथंच राहते.

आता माझ्याबद्दल एवढंच की मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा मोर्च्याच्या पत्रकांना घड्या घालायला बसवायचे आणि घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळे मला राग पटकन येतो आणि तो मुद्देसूद येतो.

"मामा, आमची वस्ती काय पाह्याची जागा आहे? लोक येतील, आमचे पत्रे पाहतील, हळहळतील, फोटो काढतील. हळहळ नको आम्हाला."

"मंग काय पाह्यजे?"

"आमच्या घरचं पाणी प्यावं. सरळ. जसं खालाकडं पितात तसं."

"मंग मी काय लिहून राह्यलो? वाच ना वं नीट."

लिहिलं तेच होतं. मी तरी हटले नाही. "अन् नाही प्यायले तर? आमच्या दारात येऊन आमचाच अपमान करून जातील. त्याची जिम्मेदारी कोण घेईन?"

मामा स्टुलावर बसले.

"तुही आत्या मले रोज पाणी इचारे," ते म्हणाले. "वॉल खोलाले आलो का रोज. अन् मी रोज म्हनो, तहान नाही. बारा वर्सं मले तुमच्या गल्लीत तहान लागली नाही, पोरी. मीच सोडलेलं पाणी. तुमच्या घागरीत गेलं का माह्यासाठी दुसरं होऊन जाये."

"मग?"

"मंग एका मे महिन्यात वॉल अडकला. चावी फिरे ना. मले घेरी आली अन् मी खालीच बसलो. तुह्या आत्यानं गिलास हातात देला अन् आंदर निंगून गेली. मी पेतो का नाही, हे पाह्यालेही थांबली नाही."

मी ओळ टाईप केली. कागद छापला. पण मनात धाकधूक होतीच, आणि मामांच्या मनात माझ्यापेक्षा जास्त. कुणी दारात नाही म्हणालं, तर त्यांची बारा वर्षं पुन्हा आमच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहणार होती.

पहिल्या रविवारी सात जण आले. मीही दुकान बंद करून सोबत निघाले. देऊळ, मोहल्ला, बारव, धार, सगळं हसतखेळत झालं. त्यांच्यात एक निवृत्त साहेब होते, इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. प्रत्येक ठिकाणी ते कागदावर बरोबरची खूण करायचे. वस्तीत आलो. त्यांच्या बायकोनं आमचंच दार निवडलं. आत्यानं तांब्या-पेले आणले. बाकी सगळे प्यायले. साहेबांनी विहाराच्या निळ्या झेंड्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नको. मला तहान नाही."

मामांचा चेहरा उतरला. तेच शब्द.

मग साहेब मला म्हणाले, "माझी बाटली कुठे आहे?"

"दुकान बंद आहे," मी म्हणाले. ठणकावून.

"देऊन टाक वं," मामा म्हणाले. "त्याहिची आहे. जबरदस्तीनं पाजलं तं थे पाणी नाही, औषध होते."

म्हणून मी त्या भर उन्हात साहेबांना घेऊन स्टँडपर्यंत उतरले. बाटली दिली. ती त्यांनी दुकानाच्या पायरीवरच निम्मी संपवली. मग लक्षात आलं की बायको वस्तीतच आहे. पुन्हा चढ. उरलेली निम्मी वाटेत संपली. देवळाच्या वळणावर त्यांनी बाटली उलटी करून पाहिली. मी बाजूला पाहिलं. हसू दाबणं कठीण असतं.

वस्तीत परतलो तर त्यांच्या बायकोनं पदर खोचून आत्यासोबत शेंगा फोडायला घेतल्या होत्या, आणि दोघी मिळून आपापल्या सुनांची यथेच्छ निंदा करत होत्या. साहेब अंगणाच्या कडेला उभे राहिले. बायकोनं वर पाहिलं नाही. मामांनी पाहिलं नाही. मदतीला कुणीच येईना.

घसा खाकरून साहेब म्हणाले, "पाणी मिळेल का?"

आत्या शेंगा फोडता फोडता म्हणाली, "मिळन ना. काऊन नाही मिळन? बसा आधी. उभ्यानं नका पिऊ, ठसका लागते."

साहेब बसले. दोन पेले प्यायले, मग तिसरा. मामांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकले. "मले बारा वर्सं लागले. याले दीड घंटा." आणि इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला त्यांना टोपी काढावी लागली. नंतर थोडा वेळ ते टोपी हातातच धरून बसले होते.

मामांचे गुडघे मागच्या वर्षी साफ गेले. आता ते खामगावला लेकीकडे असतात. फोनवर तक्रार करतात की तिथं मशीनमधून पाणी येतं आणि त्याला कशाचीच चव नाही. रविवारी कुठल्या गल्लीत कोण काय म्हणालं, ते सगळं त्यांना जसंच्या तसं सांगावं लागतं. काही गाळलं की त्यांना कळतं. स्टँडवर सकाळी मी उभी असते. माझ्यात त्यांच्यासारखी गंमत नाही, मी लवकर भांडते, पण रस्ता तोच आहे.

तेव्हा एक काम करा. पुढच्या वेळी गाडी स्टँडवर सोडा आणि चालत चढावर आमच्या वस्तीत या. कुठलंही दार वाजवा आणि पाणी मागा. प्यायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा, आपण भांडू. पण लोणारच्या उन्हात उभं राहून तहान नाही असं खोटं बोलू नका.